सरकारी सर्व्हर रूम तपासायला जाताना

पहिल्या भेटीला लॅपटॉप नेऊ नका. क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र), दोन डिजिटल थर्मामीटर, टॉर्च, मास्किंग टेप, जाड मार्कर आणि एक स्वेटर, बस्स. स्वेटरचं गमतीने सांगत नाही. मुंबईच्या हार्बर लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन पोचायचं आणि सोळा अंशांवर लावलेल्या एसीसमोर तीन-चार तास उभं राहायचं, असं हे काम आहे. माझी सर्दी एकवीस वर्षांची आहे.

मी इलेक्ट्रिकलची डिप्लोमावाली. या धंद्यात आले ती यूपीएसच्या तक्रारी निस्तरायला. मग हळूहळू शासकीय कार्यालयांची डेटा सेंटरं बघून काय ठेवायचं, काय हलवायचं, काय कायमचं बंद करायचं हे लिहून द्यायचं काम अंगावर आलं. नवीन मुलं म्हणतात, मॅडम, चेकलिस्ट द्या. देते. ती शंभर टक्के भरून आणतात, आणि खोलीत उंदराच्या लेंड्या होत्या का विचारलं तर एकमेकांकडे बघतात. म्हणून हे जरा ऐसपैस लिहिते आहे.

गेल्यावर आधी चहा येईल, मग डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे कार्यालयातल्या सामानाची नोंदवही, येईल. चहा घ्या. रजिस्टर बाजूला ठेवा, त्याची पाळी शेवटी. एका कार्यालयात रजिस्टरवर ३४ सर्व्हर होते. मी मोजले ते ४१, आणि त्यातले रजिस्टरशी जुळले २६. बाकीचे कुठून आले? कुठल्या तरी योजनेत आले, योजना संपली, मशीन राहिलं. जे रजिस्टरवर होते आणि खोलीत नव्हते, त्यातले तीन चौथ्या मजल्यावर टंकलेखन विभागाच्या टेबलाखाली चालू स्थितीत सापडले. त्यांच्यावर कुणीतरी डबे ठेवत होतं.

तेव्हा मोजणी खोलीपुरती करू नका, सगळी इमारत फिरा. डेटा सेंटर म्हणजे काय, याची व्याख्या पहिल्याच दिवशी कागदावर लिहा आणि त्यावर साहेबांची सही घ्या. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१० मध्ये आपली डेटा सेंटरं मोजली तेव्हा आकडा दोन हजारांच्या थोडा वर होता. पुढे लहान खोल्या आणि कपाटवजा जागाही धरायचं ठरलं, तसा तो दहा हजारांच्या पुढे गेला. सर्व्हर रातोरात वाढले नव्हते, फक्त आधी न धरलेल्या जागा आता धरल्या. आपल्याकडे व्हरांडा ॲल्युमिनियमच्या पार्टिशनने बंद करून केलेली 'सर्व्हर रूम' धरायची की नाही, हे आधी ठरलं नाही तर अहवाल आल्यावर त्यावरच बैठका होतात.

प्रत्येक मशीनवर मास्किंग टेप लावा आणि मार्करने तीन गोष्टी लिहा: मालक कोण, वापरतं कोण, बंद पडलं तर पहिला फोन कुणाचा येईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा साहेबांकडे नसतं, ते कंत्राटी ऑपरेटरकडे असतं. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर सात वर्षं काढलेला मुलगा. पासवर्ड त्याच्या डोक्यात, केबल कुठून कुठे जाते ते त्याच्या बोटांत. त्याला 'अरे तू' करू नका. खाली टपरीवर घेऊन जा, वडापाव खाऊ घाला आणि ऐका. माझ्या अहवालांतला निम्मा ऐवज अशाच टपऱ्यांवर गोळा झालेला आहे.

ज्या मशीनचा वाली सापडत नाही त्याचं काय? त्याची नेटवर्कची केबल काढा आणि फोनची वाट बघा. पॉवर मात्र बंद करू नका. वर्षानुवर्षं अखंड फिरलेली जुनी हार्ड डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच याची खात्री नसते. आणि आठवडाभर फोन आला नाही म्हणून मशीन मेलं असं समजू नका. काही सर्व्हर फक्त मार्चअखेर जागे होतात, काही प्रवेशाच्या दिवसांत, काही निवडणुकीत. वर्षाचं एक चक्र पूर्ण होईपर्यंत त्याला भंगार म्हणायचं नाही.

आता वीज. हा माझा विषय, त्यामुळे इथे जास्त रेंगाळणार.

सर्व्हरच्या मागे दोन पॉवर सप्लाय असतात, ते एक गेला तर दुसरा चालावा म्हणून. दोन्ही केबल्स बोटाने धरून शेवटपर्यंत जा. डोळ्यांनी नाही, बोटाने. दहातल्या सहा ठिकाणी दोन्ही केबल्स एकाच यूपीएसच्या एकाच बोर्डात गेलेल्या मला सापडल्या आहेत. दोन सप्लायचे पैसे मोजले आणि भरवसा एकाचाच. दोन यूपीएस असतील तर प्रत्येकावर किती लोड आहे ते क्लॅम्प मीटरने बघा. दोन्हींवर साठ-साठ टक्के असेल तर एक पडल्यावर दुसऱ्यावर एकशे वीस येणार आणि तोही पडणार. हे गणित शाळकरी आहे, तरी हा आकडा अहवालात वाचून चमकलेले साहेब मी पाहिले आहेत.

बॅटरी कधी बसवली ती तारीख बॅटरीवरच बघा, एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, कागदावर नको. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंश सेल्सिअस धरून सांगितलेलं असतं, आणि तापमान त्याच्या वर साधारण आठ-दहा अंशांनी गेलं की आयुष्य निम्म्यावर येतं. आपल्याकडे एसी सर्व्हरला असतो, बॅटरी जिन्याखाली बंद कोंदट जागेत. मग पाच वर्षांची बॅटरी अडीच वर्षांत फुगते आणि पुरवठादाराच्या नावाने शिमगा होतो. लिथियम-आयन बसवायचं चाललं असेल तर बॅटरी आणि सर्व्हर एका खोलीत ठेवायचे नाहीत, एवढं तरी लिहून घ्या. दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला २६ सप्टेंबर २०२५ ला आग लागली ती यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना. त्या आगीकडे बॅकअपच्या वेळी पुन्हा येते.

जनरेटरबद्दल कुणी 'दर शनिवारी चालवतो' म्हणालं की विचारा, लोडवर की नुसता? नुसता जनरेटर सुरू करून दहा मिनिटांनी बंद करणं म्हणजे फक्त इंजिनची आंघोळ. मेन्सचा ब्रेकर खाली करायला लावा आणि घड्याळ बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा मी एका कार्यालयातच होते. जनरेटर सुरू झाला, सर्व्हर चालू राहिले, टाळ्या वाजायच्याच बाकी होत्या. पाऊण तासाने खोलीत ४१ अंश. एसी जनरेटरवर जोडलेलेच नव्हते! शेवटी दारं उघडून, कॅन्टीनमधले टेबलफॅन आणून लावले आणि एकेक सर्व्हर हाताने बंद करत गेलो, कुठला आधी आणि कुठला नंतर हे कुणालाच माहीत नसताना.

गारव्याचं थोडक्यात सांगते. सर्व्हरच्या तोंडाशी, म्हणजे तो हवा आत ओढतो त्या बाजूला, १८ ते २७ अंश पुरेसे असतात. सोळाची गरज नाही. एक थर्मामीटर रॅकच्या (सर्व्हर रचलेल्या कपाटाच्या) पुढे खाली लावा, दुसरा पुढेच पण वर. खाली १८ आणि वर ३१ असेल तर नवीन एसी मागवू नका. रॅकमधल्या रिकाम्या जागांतून मागची गरम हवा पुढे येते आहे. त्या जागा बंद करणाऱ्या पट्ट्या बसवा, जमिनीतल्या केबलची भोकं बुजवा. काही हजारांत काम होतं. पण पट्ट्यांच्या फाइलपेक्षा एसीची फाइल लवकर हलते, का ते मी सांगायला नको.

सगळ्या खोलीने खाल्लेली वीज भागिले फक्त संगणकांनी खाल्लेली वीज, याला पीयूई म्हणतात. संगणक २० किलोवॅट आणि सगळं मिळून ४४ असेल तर २.२. म्हणजे एक युनिट कामाचं आणि त्यावर १.२ युनिट वरखर्च. बाहेरच्या देशांचे १.२ चे आकडे दाखवून साहेबांना लाजवू नका. तिथे बाहेरची थंड हवा फुकट आत घेता येते, आपल्याकडे बाहेर जून ते सप्टेंबर ओला टॉवेल असतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती हवा. खाडीकाठी किंवा मोठ्या नाल्याजवळ राहणाऱ्यांना विचारा, देवघरातलं चांदीचं निरांजन किती दिवसांत काळं पडतं. तेच सर्व्हरच्या आत होतं. हवेतला गंधकाचा वायू आणि दमटपणा मिळून सर्किटवरचं तांबं-चांदी खातात. २००६ पासून युरोपच्या नियमामुळे सोल्डरमधलं शिसं गेलं, बोर्डावर चांदीचा मुलामा वाढला, आणि हा त्रासही वाढला. तपासणी सोपी आहे: तांब्याची आणि चांदीची छोटी पट्टी रॅकसमोर तीस दिवस टांगून ठेवायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत थर असेल तर हवा ठीक. एका ठिकाणी दर चार-पाच महिन्यांनी मदरबोर्ड मरत होते, कंपनी बदलून झाली, अर्थिंग दोनदा खणून झालं. तिथे पट्टी दुसऱ्याच आठवड्यात डोळ्यांनी दिसावी इतकी काळी झाली. मागच्या खिडकीची एक काच तुटलेली होती आणि खिडकीखाली नाला. काच बसवली, दरवाजा नीट बंद होईल असा केला, हवा गाळायला फिल्टर लावला. त्या वर्षी बोर्डाची खरेदी झाली नाही.

पाण्याबद्दल महापालिकेच्या नकाशापेक्षा खालच्या पानवाल्यावर विश्वास ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकच शहर आणि एकच दिवस, तरी केवढी तफावत! तेव्हा 'मुंबईचा पाऊस' धरून जोखीम लिहू नका. पानवाल्याला विचारा, पाणी कुठवर आलं होतं. तो कमरेला हात लावून दाखवेल. तिथून वरची जागा शोधा. जनरेटरचं पॅनल आणि डिझेलची टाकी त्या हाताच्या खाली असेल तर सर्व्हर दहाव्या मजल्यावर असूनही उपयोग नाही.

आता आतलं सॉफ्टवेअर. प्रत्येक मशीनची ऑपरेटिंग सिस्टिम लिहा आणि शेजारी तिचा पाठिंबा संपल्याची तारीख. विंडोज सर्व्हर २००८ चा साधा, म्हणजे जादा पैसे न भरता मिळणारा, पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला, २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. तिन्ही तुम्हाला भेटतील. त्याच वेळी प्रत्येक सर्व्हरचं घड्याळ बघा. मी मनगटावरचं घड्याळ शेजारी धरून बघते. अकरा मिनिटं मागे, चार मिनिटं पुढे, एक तर चक्क युरोपच्या वेळेवर. सर्ट-इन ही केंद्राची सायबर सुरक्षेची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी (केंद्र सरकारची संगणक संस्था) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायची आहेत, लॉग, म्हणजे यंत्रावर कधी काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. घड्याळंच जुळत नसतील तर कोण कधी घुसलं हे लॉगवरून काय डोंबल कळणार?

बॅकअपची फाइल कुणीही दाखवेल. तुम्ही ती परत उतरवून दाखवायला सांगा. मागच्या मंगळवारची अमुक एक नोंद, दुसऱ्या मशीनवर, माझ्यासमोर, आत्ता. इथे खोलीत शांतता पसरते. टेप सापडते, टेप वाचायचं यंत्र बिघडलेलं असतं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या फायली जळाल्या, आणि तेव्हापासून आपण सगळे 'स्कॅन करून ठेवा' म्हणायला लागलो. पण स्कॅन केलेलं एकाच खोलीत ठेवलं तर तीही फाइलच, फक्त जास्त महाग. डेजॉनच्या आगीत कर्मचाऱ्यांच्या सामायिक ड्राइव्हवरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याचा बॅकअप बाहेर नव्हता, कारण डेटा फार मोठा म्हणून ठेवला नव्हता. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याला डीआर, म्हणजे आपत्तीत काम चालवायची पर्यायी जागा, म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद न घालता अहवालात 'डीआर नाही' असं लिहा.

इतकं झालं की मग निर्णय. प्रत्येक प्रणालीसमोर एकच शब्द लिहायचा: बंद, हलवा, ठेवा किंवा नव्याने लिहा. सगळ्यांसमोर 'हलवा' लिहून मोकळं व्हायची फॅशन आहे. राज्य डेटा सेंटर आहे, एनआयसीची राष्ट्रीय केंद्रं दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वरला आहेत, केंद्राच्या पॅनलवरचे खासगी क्लाउडवालेही आहेत. बहुतेक गोष्टी तिकडे जाव्यातच. पण आधी लाइनचं गणित करा. ४० टेराबाइट जुने नकाशे १०० एमबीपीएसच्या लाइनवरून पाठवायचे तर लाइन एक क्षणही न अडखळता चालली तरी ३७ दिवस. असा डेटा डिस्कवर भरून, सीलबंद करून, दोन माणसांसोबत गाडीने पाठवावा. दुसरं म्हणजे लेखाशीर्ष, म्हणजे खर्च अंदाजपत्रकात कुठल्या नावाखाली पडतो ते. सर्व्हर एकदा विकत घ्यायला पैसे मिळतात, दर महिन्याला कमी-जास्त होणाऱ्या बिलाला मिळतीलच असं नाही. लेखा शाखेतल्या बाईंना पहिल्या बैठकीला बोलवा, शेवटच्या नाही. निविदेत हे जरूर घाला: करार संपल्यावर डेटा कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती खर्चात परत मिळणार.

हलवताना आपल्याकडे जे हमखास फसतं ते मराठीत फसतं. जुन्या प्रणालींत नावं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांनी मानलेल्या अक्षरांच्या ठरलेल्या क्रमांकांत, नसतात, त्या काळच्या फॉन्टच्या खास सांकेतिक खुणांत असतात. फॉन्ट काढला की 'जोशी' जागेवर रोमन अक्षरांची भेळ. रूपांतराचं सॉफ्टवेअर मिळतं, नव्वद टक्के नावं सुरळीत येतात, आणि उरलेल्या दहात कऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे. हा चंद्रकोरीसारखा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावं. एका ठिकाणी नवीन प्रणाली दिमाखात सुरू झाली आणि चौथ्या दिवशी एक आजोबा जुना उतारा घेऊन आले. नाव त्यावर आहे, पडद्यावर शोधलं की 'नोंद आढळली नाही'. खिडकीवरची मुलगी घाबरून म्हणाली, आजोबा, तुम्ही सिस्टिममध्ये नाही. आजोबा शांतपणे म्हणाले, पण मी इथे उभा आहे ना.

'ॲ' ची तीच गत. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला स्वतंत्र आलं. त्याआधीच्या नोंदींत 'अ' वर चंद्र काढून भागवलेलं असतं, म्हणून ॲड. लावणारे अर्धे वकील सापडत नाहीत. सर्व्हे नंबरात १ की 1, हाही घोळ असतो. म्हणून डेटा हलवण्याआधी तीन-चारशे अवघड नावांची यादी हाताने तयार करा आणि प्रत्येक चाचणीला तीच वापरा. माझ्या यादीत पहिलं नाव कऱ्हाडेच आहे.

जुनी मशीनं निर्लेखन समितीपुढे (निकामी सामान नोंदीतून काढणाऱ्या समितीपुढे) ठेवण्याआधी त्यांच्या डिस्क काढून पुसा किंवा ड्रिलने भोकं पाडा, आणि डिस्कचा नंबर लिहून दोघांच्या सह्या घ्या. माल मान्यताप्राप्त ई-कचरावाल्याकडेच जाईल एवढं बघा.

राहिली तारीख. मार्चमध्ये हलवायचं नाही, हे सगळ्यांना कळतं. जून-जुलैत प्रवेश आणि पाऊस. गणपतीत तर नावच काढू नका, अर्धा स्टाफ कोकणात असतो आणि ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो नेमका रेंज नसलेल्या वाडीत. मला दिवाळीनंतरचा दुसरा शुक्रवार आवडतो. संध्याकाळी सहाला खिडक्या बंद झाल्या की सुरुवात, रविवारी दुपारी जेवणाआधी चाचणी संपलेली. जुनं मशीन तीन महिने तसंच चालू ठेवा, फक्त वाचता येईल असं, आणि मास्किंग टेप काढू नका. त्याच्या शेजारी, दाराच्या आतल्या बाजूला, मराठीत एक पान चिकटवा: वीज गेली तर कुठला सर्व्हर आधी बंद करायचा, कुठला नंतर, कुणाला फोन करायचा. रात्रपाळीच्या वॉचमनला ते मोठ्याने वाचायला लावा. जिथे तो अडखळेल तिथला शब्द खोडून सोपा लिहा.